उत्तराचं देणं

रहस्यकथेनं विरस केला की वाचक सहसा म्हणतात, "खुनी आधीच ओळखला होता." टाना फ्रेंच यांच्या 'इन द वुड्स'बद्दलची माझी तक्रार अशी नाही. २००७ साली आलेली ही त्यांची पहिली कादंबरी. तिला एडगर पुरस्कारही मिळाला. डब्लिनजवळच्या एका वस्तीत, उत्खननाच्या जागेवर बारा वर्षांच्या मुलीचा मृतदेह सापडतो. तपास करणारा रॉब रायन याच वस्तीत वाढलेला. १९८४च्या उन्हाळ्यात तो दोन सवंगड्यांबरोबर रानात खेळायला गेला होता. ते दोघे परत आलेच नाहीत. हा मात्र ओकच्या झाडाला पाठ लावून, सालीत नखं रुतवून उभा सापडला. शर्ट पाठीवर चार समांतर रेघांत फाटलेला. बूट रक्तानं भिजलेले, तेही आतून बाहेर! त्याला काही म्हणता काही आठवत नाही.

मुलीच्या खुनाचा छडा लागतो. रानात काय घडलं, ते शेवटपर्यंत कळत नाही.

आयुष्यातही कित्येक प्रकरणं अशीच अर्धवट राहतात, असं यावर सांगितलं जातं. ते खरंच आहे. रॉबची स्मृती परत न येणं मला मान्य आहे. त्यापायी त्याचं आतून खचत जाणं तर फार जिव्हारी लागतं. पण आयुष्य आपल्यासाठी पुरावे मांडून ठेवत नाही. बुटातलं रक्त लेखिकेनं विचारपूर्वक ठेवलं आहे आणि त्याच्याच जोरावर पाचशेच्या आसपास पानं मला धरून ठेवलं आहे.

अगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'चा शेवट वाचूनही पुष्कळांना फसवल्यासारखं वाटलं होतं. तरी उलगडा कळल्यावर ती पुन्हा वाचावी. निवेदकानं गाळलेली दहा मिनिटं कुठल्या दोन वाक्यांच्या मध्ये आहेत, ते स्वच्छ दिसतं. 'इन द वुड्स' दुसऱ्यांदा वाचताना तो फाटका शर्ट पहिल्याइतकाच मुका राहतो.

रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, हा त्यांतला एक. दाखवलेल्या दुव्याचा अर्थ लावून द्यावा, असा नियम त्यांत नाही. ते गृहीतच असावं. उत्तर क्रूर असो, मनाला न पटणारं असो, मी ते स्वीकारेन. पण प्रश्न ज्यानं रचला, त्यानं उत्तराची जबाबदारी टाळू नये. वाचक आपला वेळ आणि विश्वास याच भरवशावर त्याच्या हाती देत असतो.