जरा सरकून घ्या

समानतेसाठी आपल्याकडे पुष्कळ भारदस्त शब्द आहेत. त्यांतला एखादा नुसता उच्चारला, तरी डोळ्यांपुढे सभामंडप उभा राहतो आणि अध्यक्षांच्या गळ्यातला हार दिसू लागतो. पण बरीच वर्षे मास्तरकी केल्यावर माझे मत असे झाले आहे की, या साऱ्या शब्दांचे काम एक साधे क्रियापद करते : सरकणे! एस्टीत काय, पंगतीत काय किंवा लोकलच्या चौथ्या सीटवर काय, ‘जरा सरकून घ्या’ म्हटले की जागा होते. जो सरकतो त्याची थोडी अडचण होते, हे खरे. पण तेवढ्या अडचणीखेरीज दुसऱ्याला जागा होत नाही.

शाळेत हे सरकणे आपल्याला फार उशिरा सुचले. १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाचा एक मुलगा दाखल झाला. पटावर त्याचे नाव चढले. वर्गात मात्र त्याच्या वाट्याला कोपऱ्यातले गोणपाट आले. ते तो घरून आणी आणि शाळा सुटली की परत नेई, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. डॉ. आंबेडकरांनी हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांच्या शाळाप्रवेशाची तारीख, ७ नोव्हेंबर, महाराष्ट्रात २०१७ पासून ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळली जाते. भाषणांत त्या प्रवेशाचे कौतुक होते. मला मात्र दर वर्षी ते गोणपाट आठवते.

आपल्याकडे सरकून घेणारी माणसेही झाली, हे आपले भाग्य. शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत बसवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथे साऱ्या जातींची मुले एकत्र राबत आणि एकाच पंगतीला जेवत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर कोसबाडला कमालच केली. आदिवासी मुले गुरांमागे रानात जातात, शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. इथे सारी शाळाच सरकली!

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांतल्या पहिल्या पायरीच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्यात नियम बदलून, जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली गेली. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. म्हणजे कायद्याने दार उघडले आणि न्यायालयाने ते उघडे राखले. पण बाकावर शेजारच्याला सरकायला लावील, असे कलम कोणी लिहावे? सहलीची वर्गणी, स्नेहसंमेलनाचा पोशाख, वाढदिवसाची चॉकलेटे अशा बारीकसारीक जागी मुलाला कळून चुकते की, आपण इथले आहोत की पाहुणे आहोत.

अशाच एका मुलाची गोष्ट आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मधल्या सुट्टीत मला सांगितली होती. घर खानदेशातून आलेले. तिसरीत धडा वाचताना तो ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाला आणि वर्ग खिदळला. त्यानंतर त्याने तोंडच उघडले नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. बाई कोणावर रागावल्या नाहीत. एके दिवशी त्यांनी फळ्यावर ‘मुलगा’ असे लिहिले आणि विचारले, “तुमच्या आजीच्या गावी याला काय म्हणतात?” कोणी ‘पोरगा’ म्हणाले. वऱ्हाडातल्या आजीची नात ‘पोट्टा’ म्हणाली. मालवणकडच्याने ‘झील’ सांगितले. मग शेवटच्या बाकावरून हळूच आवाज आला, “आंडोर.” हा शब्द बाईंनाही नवा होता. त्यांनी तो दोनदा म्हणवून घेतला, फळ्यावर लिहिला आणि विचारले, “बरोबर लिहिला का रे मी?” तो उठून फळ्यापाशी आला, नीट पाहून म्हणाला, “हो, बाई.”

पुढे बाईंनी त्याला ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरकही शिकवला. तो शिकण्याचा त्याला हक्कच होता. पण त्याआधी वर्गाच्या भाषेने थोडे सरकून अहिराणीला जागा दिली होती आणि त्यात तोटा कोणाचा झाला? मालवण, वऱ्हाड, खानदेश, तिन्ही मुलखांचे शब्द एका तासात सगळ्यांच्या पदरी पडले.

हे सारे बाईंवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. सरकावे की पसरून बसावे, हे मूल घरातच शिकते. दिवाळीची सुट्टी संपली की डब्यांतून फराळ शाळेत जाईल. तुम्ही एखादा लाडू जास्त घालाल, “सगळ्यांना दे हो” असे बजावालही. ते चांगलेच आहे. पण देणे सोपे असते, त्यात आपला हात वरच राहतो. म्हणून संध्याकाळी लेकराने रिकामा डबा मोरीत ठेवला की एवढे विचारा, “शेजारच्याच्या डब्यातले तू काय खाल्लेस?”