सात सेंटिमीटर

उमरीत सोनोग्राफीचा कागद घरात आला की डॉक्टरांच्या आधी मोहल्लाच निकाल देतो. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, म्हणून बाया तो आमच्याकडे घेऊन येतात. “बाजी, इसकी बच्चेदानी छोटी है बोलते.” कागदावर लांबी असते ७ सेंटिमीटर. तेवढ्यावर दुसऱ्या निकाहची बोलणी सुरू!

मूल न झालेल्या बाईची गर्भपिशवी साधारण ६ ते ८ सेंटिमीटर लांब असते. बाळंतपणानंतर ती थोडी मोठीच राहते. पाळी गेल्यावर आटते. म्हणून चार लेकरांच्या जावेच्या आकड्याशी तिचा आकडा जुळवू नये. डॉक्टर हे माप गाठ, सूज, जन्मजात दोष कळावा म्हणून घेतात. फारच लहान वाटली तर पुढची तपासणी करतात. ७ सेंटिमीटर म्हणजे वांझपण नव्हे.

मूल न होण्याचं कारण पुरुषातही असतं. त्याची पहिली तपासणी सोपी असते. पण तिचं नाव काढलं की घर गप्प होतं.

उम्मुल मोमिनीन हजरत आयेशांना मूल नव्हतं. उम्मतनं त्यांच्याकडून दीन शिकला. मग आमच्या सुनांची किंमत आम्ही सेंटिमीटरमध्ये का मोजतो?