चमचा तो, सुरी ती

म्युनिकमध्ये सकाळी बेकरीपुढे रांग असते. आपला नंबर आला की काउंटरवरची बाई ‘ग्र्यूस गॉट’ म्हणते, आपणही तेच म्हणायचं आणि काय हवं ते सांगायचं. पहिली दोन वर्षं मी सांगत नसे. काचेआडच्या ब्रेत्सेलकडे बोट दाखवत असे. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, असं वाटे. पुण्यात मी 17 वर्षं शाळेत गणित शिकवलं. चुका मुलांनी करायच्या आणि मी तपासायच्या, हेच अंगवळणी पडलं होतं.

मग जर्मनची बी-वन परीक्षा दिली. इथल्या नागरिकत्वासाठी ही पातळी लागते. माझ्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग होते. प्रत्येकी 100 गुण, पास व्हायला 60. तीन भाग निघाले. संभाषणात 48.

मराठी माणसाला तीन लिंगं नवी नाहीत. पण आपली आणि जर्मनांची जुळत नाहीत. चमचा आपल्याकडे तो, त्यांच्याकडेही ‘डेअर ल्योफेल’, म्हणजे तोच. सुरी मात्र आपली ती आणि त्यांचं ‘दास मेसर’, ते. त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी, मुलगी नपुंसकलिंगी. परीक्षेत समोरच्या उमेदवाराबरोबर एक बेत आखायचा होता. तो बोलत होता, थांबून माझ्याकडे बघत होता, आणि मी मनात लिंग ठरवत बसले होते. वाक्य बिनचूक झाल्याशिवाय तोंडच उघडेना.

निकाल कळला त्या दिवशी आईचा फोन आला. ‘अजून लागायचाय,’ मी म्हणाले. वयाच्या 44 व्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, निकालाबद्दल आईशी खोटं बोलले. 48 गुणांपेक्षा ते जास्त लागलं.

राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. वर्गातली युक्रेनची एक मैत्रीणही त्याच भागात राहिली होती. तिकडे ती दातांची डॉक्टर. इथे भाषेसाठी अडून बसलेली. आम्ही रोज संध्याकाळी इझार नदीच्या काठाने चालायचं ठरवलं. तिला इंग्रजी येत नाही, मला युक्रेनियन येत नाही. दोघींना मिळून एकच भाषा, मोडकी जर्मन.

पहिल्याच संध्याकाळी तिने मला तिचं घर सांगितलं. स्वयंपाकघराची खिडकी, खिडकीत लावलेली बडीशेप, निघताना गॅस बंद केला की नाही ही अजून न गेलेली शंका. लिंगं चुकत होती, क्रियापदं भलतीकडे पडत होती, आणि मला ते घर लख्ख दिसत होतं. तिचं बोलून झालं. मग मी तिला आईशी बोललेलं खोटं सांगितलं, अडखळत, शब्द शोधत. तिने माझा हात धरला. व्याकरण दोघींपैकी कुणीच तपासलं नाही.

त्या रात्री आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं, मग परत दे की!’

पहिल्या झटक्यात पास झाले असते, तर मी तो कागद फाईलला लावून पुन्हा गप्प बसले असते. नापास झाले म्हणून नदीवर गेले, आणि तिथे कळलं की आपलं मोल आपल्या बिनचूकपणात नव्हतंच. चुकत का होईना, समोरच्यापर्यंत पोचता येतं. ही ताकद माझ्यात होती. मीच तिला इतकी वर्षं तोंड उघडू दिलं नव्हतं.

चार महिन्यांनी पुन्हा परीक्षा दिली. चुकले, बोलत राहिले. 71 गुण मिळाले.

आईनंतर दुसरा फोन केला तो पुण्यातल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या तमिळ मॅडमना. ‘माझा आई आला’ असं त्या वर्षानुवर्षं म्हणायच्या आणि स्टाफरूममध्ये आम्ही हसायचो. प्रेमाने, पण हसायचोच. तरी प्रत्येक पालकसभेत त्या उभ्या राहून मराठीतच बोलायच्या. त्यासाठी रोज किती धीर गोळा करावा लागत असेल, हे मला म्युनिकला येऊन कळलं. फोनवर तसं सांगितलं, हसल्याची माफीही मागितली.

त्या क्षणभर थांबल्या. मग आनंदाने म्हणाल्या, ‘ते राहू दे हो! तुमचा परीक्षा पास झाला ना!’

झाला, मॅडम.