लाइन क्लिअर

आयुष्यभर मी शाळेत विज्ञान शिकवलं, पण वीज तारेतून निरोप कसा नेते हे मला आधी कळलं ते वसमत स्टेशनावर, एका पॉइंट्समन मामांकडून.

तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा १९९९ चा. निजामाच्या राज्यातली पूर्णा–हिंगोली मीटरगेज पुढं खांडव्याला जोडली गेली आणि जयपूरकडची मीनाक्षी एक्स्प्रेस आमच्या हळदीच्या गावावरून धावू लागली. रूळ मात्र एकच; दोन गाड्या एकाच वेळी त्यावर येऊ नयेत म्हणून स्टेशनमास्तरांच्या खोलीत एक लोखंडी यंत्र होतं, तारेनं जोडलेला त्याचा जोडीदार पुढच्या स्टेशनात. घंटेच्या ठोक्यांनी विचारणा व्हायची, तिकडचे मास्तर हँडल फिरवून संमती द्यायचे, तेव्हा कुठं इकडच्या यंत्रातून गोळा सुटायचा, म्हणजे गाडीला पुढं जायचा परवाना. तो पुढच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा निघणं अशक्य. ‘लाइन क्लिअर’ मिळाली की मामा गोळा चामडी पिशवीत घालून, वेताचं कडं उंच धरून उभे राहत. न थांबणाऱ्या मालगाडीचा ड्रायव्हर ते कडं हातात ओवून घेई.

यंत्राला हात लावायची मुभा मामांनाही नव्हती. मग दुपारी त्यांनी फलाटावर खडूनं दोन स्टेशनं काढली, मधे सुतळी ताणली आणि मला पुढच्या चोंढी स्टेशनचा मास्तर केलं.

“गोळा अजून तुझ्या यंत्रात पडला नाय. मी दुसरी गाडी सोडू का?”

“नाही.”

“का नाही?”

या प्रश्नापाशी ते अडून बसत. पुढं वर्गात मीही तसाच अडून बसलो.

मामांनी माझ्याकडून एकदाच काही मागितलं: बदलीचा अर्ज. मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला, आणि ते अकोल्याला गेले.

२००८ मध्ये ब्रॉडगेज आलं, तशी ही जुनी यंत्रं संग्रहालयाची वस्तू झाली. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. मुंबईत सीएसएमटीच्या इमारतीतही वारसा दालन आहे. चांगलंच आहे. पण काचेमागचं यंत्र मला मुकं वाटतं. वसमतला एखादी जुनी खोली मिळाली तर दोन यंत्रं तारेनं जोडावीत, एका टोकाला सातवीचा वर्ग, दुसऱ्या टोकाला आठवीचा. मुलं मोडतील म्हणता? मग सिग्नल खात्यातला एखादा निवृत्त फिटर शेजारी बसवा. पूर्णेला असे पुष्कळ आहेत, आणि त्यांना ऐकणारं कुणीतरी हवंच असतं.