आग्रह न करणारं घर

दिल्लीतल्या मराठी घरांना पाहुण्यांची सवय असते. कुणाचा पुतण्या यूपीएससीच्या मुलाखतीला येतो, कुणाची भाची जेएनयूत प्रवेश घ्यायला येते, आणि राजेंद्रनगरात किंवा मुनिरक्यात खोली मिळेपर्यंत त्यांची गादी आपल्या हॉलमध्ये पडते. आमच्या नोएडाच्या घरात अशी कितीतरी मुलं राहून गेली. पहिल्या दिवशी त्यांचं ‘नको, पुरे’ मनावर घ्यायचं नाही, ही घरची रीत. गरम पोळी पानात पडली की पोराचा संकोच निम्मा उतरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मग माझीच लेक शालेय देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून वर्षभरासाठी स्वीडनला गेली. बोरोस नावाचं गाव, गोथेनबर्गच्या पूर्वेला साधारण 60 किलोमीटरवर. कापडगिरण्यांवर वाढलेलं आणि पावसासाठी प्रसिद्ध. ऑगस्टच्या मध्याला तिथली शाळा सुरू होते. इथे आम्ही घामाने निथळत होतो आणि ती विमानतळावर हातात स्वेटर घेऊन उभी होती. आई, बाबा, बारा वर्षांचा मुलगा आणि एक मांजर अशा घरात ती राहणार होती. त्यांची ओळख होती ती फक्त दोन-चार पत्रांची आणि व्हिडिओ कॉलवरच्या हसण्याची.

उन्हाळ्यात स्वीडनचं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असतं. पहिल्या रात्री तिचा फोन आला तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेली होती. आवाज दबका. “आई, इथे कुणी वाढतच नाही गं.”

मग तिने सगळं सांगितलं. संध्याकाळी सहाला जेवण. टेबलाच्या मधोमध शेपू घालून उकडलेल्या बटाट्यांचं मोठं भांडं, ओव्हनमधला मासा, काकडीच्या चकत्या, रायच्या पिठाचा कडक पाव. भांडं एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं, ज्याने त्याने आपलं घ्यायचं. तिच्याकडे आलं तेव्हा तिने रीतीप्रमाणे दोनच बटाटे घेतले. पुढे कुणीतरी ‘अगं, एवढंसंच काय, घे की’ म्हणेल म्हणून थांबली. कुणी म्हणालं नाही. गप्पा छान चालल्या होत्या, दिल्लीबद्दल विचारत होते, भांडं तिच्या हाताच्या अंतरावर होतं, आणि ती उपाशी होती. जेवण संपल्यावर सगळ्यांनी, धाकट्या मुलानेसुद्धा, स्वयंपाक करणाऱ्या बाबांचे आभार मानले आणि आपापली ताटली उचलून यंत्रात ठेवली. तिने खोलीत जाऊन मी दिलेला चिवडा खाल्ला.

मला त्या रात्री झोप लागली नाही. पोर परक्या घरी पहिल्याच दिवशी अर्धपोटी झोपली, एवढंच डोक्यात फिरत होतं. 2022 च्या मे महिन्यात समाजमाध्यमांवर उठलेला गदारोळही आठवला. खेळायला आलेल्या मुलाला स्वीडिश घरात जेवायला बोलवत नाहीत, घरचे जेवेपर्यंत ते दुसऱ्या खोलीत थांबतं, यावर तेव्हा जगभरातून टीका झाली होती. अनेक स्वीडिश माणसांनी त्यावर सांगितलं होतं, की त्या मुलाच्या घरी त्याच्यासाठी स्वयंपाक तयार असतो, त्या घरचा बेत आपण का मोडायचा? शिवाय कुणावर उपकाराचं ओझं का टाकायचं? वाचताना मला हे कोरडं वाटलं होतं. त्या रात्री तर ते वाक्य टोचलंच.

पुढच्या काही दिवसांत मात्र फोनवरचा सूर बदलत गेला. यजमानीणबाईंनी तिला घराची किल्ली दिली, तीही पहिल्या सकाळीच. फ्रिज उघडून दाखवला आणि सांगितलं की भूक लागेल तेव्हा उघडायचा, विचारायचं नाही. दुपारच्या जेवणाची काळजी नव्हती, ते शाळेतच आणि मोफत मिळतं. तिला सगळ्यात अवघड गेलं ते त्यांना नावाने हाक मारणं. माझ्याहून मोठ्या बाईला नुसतं नावाने कसं बोलवायचं, म्हणून ती काही दिवस हाकच मारत नव्हती, समोर जाऊन उभी राहायची. स्वीडनमध्येही एके काळी पदवी-हुद्दा लावून बोलायची पद्धत होती. 1967 साली तिथल्या वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी कार्यालयात सगळ्यांशी एकेरीत बोलण्याचं जाहीर केलं, आणि आधीच बदलत असलेला समाज त्या वाटेने झपाट्याने गेला. आज तिथे मुलं शिक्षकांनाही नावाने हाक मारतात.

मग एका रविवारी तिने फ्रिजवरच्या एका कागदाचा फोटो पाठवला. आठवड्याचे वार आणि त्या त्या दिवशी कोण स्वयंपाक करणार त्याची नावं. गुरुवारपुढे माझ्या लेकीचं नाव. मुलाचं नाव शनिवारपुढे होतं, आणि मांजराच्या खाण्याचीही पाळी लावलेली होती. तो कागद मी बराच वेळ बघत बसले. पाहुण्याला कुणी पाळी लावत नाही. तिने त्या गुरुवारी मसालेभात केला, सोबत काकडीची कोशिंबीर. गोडा मसाला इथून नेलेला. धाकट्याने तीनदा घेतला. त्यालाही कुणी आग्रह केला नाही. जेवण झाल्यावर सगळ्यांनी तिचे आभार मानले, तेव्हा कुठे बघावं ते तिला कळेना.

मला माझे आजोबा आठवले. ते पुण्यात वार लावून शिकले. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचं, सोमवारचं घर वेगळं, मंगळवारचं वेगळं. ती घरं होती म्हणून गरीब खेड्यातला मुलगा मॅट्रिक झाला, याची जाणीव त्यांना शेवटपर्यंत होती. वाढताना बहुतेक ठिकाणी प्रेमाने विचारत, पण पंगतीच्या टोकाला बसलेल्या मुलाने दुसऱ्यांदा भात मागायचा नाही, हे त्याचं त्यालाच समजत असे. त्यांना सगळ्यात जवळचं वाटायचं शनिवारचं घर. त्या घरची आजी त्यांना पाणी भरायला लावायची, धाकट्या मुलांची उजळणी घ्यायला बसवायची, उशीर झाला तर रागवायची. सहा घरी आजोबा जेवले आणि एका घरी राहिले, असं मला आता वाटतं.

आजोबांना दार उघडलं गेलं याला त्यांची जातही कारण होती, हे लिहायलाच हवं. ज्यांच्यासाठी अशी दारं उघडत नव्हती त्यांच्यासाठी शाहू महाराजांना 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभारावी लागली. भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणून एकत्र राहायला, जेवायला लावलं. आणि न्यूयॉर्क-लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांना राहायला घर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. परदेशात शिकून आलेल्या माणसाला आपल्याच देशात एका रात्रीची खोली मिळू नये, ही गोष्ट आपल्या पाहुणचाराच्या कौतुकाशेजारी कायम ठेवायला हवी. दिल्लीत आजही ईशान्येकडच्या मुलांना, मुसलमान मुलांना भाड्याची खोली शोधताना काय ऐकावं लागतं, ते इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा.

बोरोस हे नाव मला पहिल्यांदा कळलं तेही अशाच एका माणसामुळे. प्रद्युम्नकुमार महानंदिया, ओडिशाच्या दलित कुटुंबातले. लहानपणी शाळेत त्यांना वर्गाबाहेर बसवत. दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकताना कॅनॉट प्लेसच्या कारंज्यापाशी लोकांची चित्रं काढून ते पोट भरायचे. डिसेंबर 1975 मध्ये शार्लोट फॉन शेडविन नावाची स्वीडिश तरुणी तिथे चित्र काढून घ्यायला आली. दोघांचं जुळलं. ती परत गेल्यावर 1977 च्या जानेवारीत महानंदिया दिल्लीहून सायकलने निघाले आणि त्याच वर्षी युरोपात पोहोचले. पुढे त्यांनी बोरोस परिसरातच संसार केला, चित्रकला शिकवली. या गोष्टीतला सायकलचा प्रवास सगळ्यांना भावतो. मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं: परक्या गावाने या माणसाला आपला शिक्षक म्हणून स्वीकारलं.

माझी लेक गेली तशा मुलांच्या देवाणघेवाणीतली एएफएस ही जुनी संस्था 1915 साली पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवकांतून जन्मली. दोन महायुद्धं पाहिल्यावर त्याच लोकांनी 1947 साली शाळकरी मुलांना परदेशातल्या घरांत राहायला पाठवायला सुरुवात केली. प्रेतं आणि जखमी वाहून नेलेल्या माणसांना पुढचं युद्ध टाळायचा उपाय म्हणून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात एक जास्तीचं मूल बसवावंसं वाटलं, हे मला फार थोर वाटतं. त्यांच्याकडे मूल सांभाळणारी कुटुंबं आजही सहसा मोबदला घेत नाहीत.

अशी मुलं दिल्ली, गुडगाव, नोएडाच्या शाळांतही येतात, आणि त्यांच्यासाठी घरं शोधावी लागतात. आपणहून घर देणारी माणसं कमी पडतात. आपल्याकडे जागा नाही, आपलं जेवण त्यांना चालणार नाही, सासूबाईंना आवडणार नाही, ही उत्तरं मला पाठ आहेत. एक पलंग आणि अभ्यासाला टेबल एवढीच जागा लागते. जेवणाचं म्हणाल तर भूक लागली की मुलं शिकतात, माझी शिकली. मुलांच्या शाळेतून तशी विचारणा आली तर नाही म्हणण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून एकदा विचारून बघा. मूल कुठल्या देशाचं, कुठल्या धर्माचं, हे विचारू नका. ते घरी आलं की पहिले दोन दिवस आग्रह करकरून वाढा, आपल्याला राहवणार नाहीच. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात किल्ली द्या आणि घरातलं एखादं काम त्याच्या नावावर लावा.