ग्रासच्या रिकाम्या कुप्या

दक्षिण फ्रान्समध्ये, कान शहराच्या उत्तरेस, डोंगरउतारावर ग्रास हे गाव वसले आहे. आज सुगंधाची राजधानी म्हणून ते जगाला ठाऊक असले, तरी त्याचा मूळ धंदा चामडे कमावण्याचा होता. सोळाव्या शतकात सुगंधी हातमोज्यांची आवड वाढली आणि चामड्याचा उग्र दर्प झाकण्यासाठी येथील कारागीर फुलांकडे वळले. पुढे करांचा भार आणि शेजारच्या नीसची स्पर्धा यांमुळे चामड्याचा व्यापार बसला. सुगंधाचा जोडधंदा मात्र टिकला आणि त्यानेच गाव तारले. व्यापारी घराण्यांना असा अनुभव नवा नाही.

गावात १९८९ साली सुरू झालेले आंतरराष्ट्रीय सुगंध संग्रहालय आहे. प्राचीन इजिप्तमधील पात्रांपासून विसाव्या शतकातील काचेच्या कुप्यांपर्यंतचा प्रवास तेथे मांडला आहे. राणी मारी आंत्वानेतची प्रवासपेटीही तेथे पाहावयास मिळते. कपाटांतील रिकाम्या कुप्यांपुढे प्रेक्षक रेंगाळतो, तेव्हा त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : जिच्यातील अत्तर केव्हाच उडून गेले, त्या कुपीचे मोल कशात आहे?

अहिंसा मानणाऱ्या घराला या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. ग्रासमध्ये पूर्वी जाईची फुले चरबीच्या थरावर पसरून त्यांचा गंध उतरवून घेत. ती चरबी जनावरांची असे. अनेक जुन्या अत्तरांत कस्तुरी पडे आणि तिच्यासाठी कस्तुरीमृगाचा जीव जाई. बंद कुपीच्या गळ्याभोवती बांधलेला पातळ पापुद्राही जनावराच्या आतड्याचा असे. पुढे चरबीची जागा द्रावकांनी आणि कस्तुरीची जागा मुख्यतः कृत्रिम द्रव्यांनी घेतली. बाजारात भरलेल्या, मोहोरबंद कुपीला रिकामीपेक्षा अधिक भाव येतो हे खरे. पण अशा घराने रिकामी कुपी पसंत केली, तर त्यात तोटा मानण्याचे कारण नाही.

कुपीला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत फ्रांस्वा कोती (१८७४–१९३४) अग्रभागी होता. त्याने अत्तराचे धडे ग्रासमधील शिरिस या पेढीत गिरवले. त्यापूर्वी अत्तर बहुधा साध्या बाटलीतून विकले जाई. श्रीमंत गिऱ्हाईक ते आपल्या नक्षीदार कुपीत ओतून ठेवी. कोतीने पॅरिसमधील ख्यातनाम जवाहीर कारागीर रने लालिक (१८६०–१९४५) याला गाठले. १९०८च्या सुमारास लालिक त्याच्यासाठी कुप्यांची रचना करू लागला. काच साच्यात दाबून एकच कलाकृती मोठ्या संख्येने घडवता येऊ लागली. १९१३ साली लालिकने पॅरिसजवळचा काचकारखाना विकत घेतला. मालाबरोबर सुंदर कुपीही घरी येऊ लागली आणि अत्तर संपले तरी ती टाकवेना. संग्राहकांची आवड अशाच कुप्यांवर पोसली गेली.

या छंदात फसवणूकही आहे. लालिकच्या हयातीतील कुप्यांवर बहुधा ‘आर. लालिक’ अशी रोमन अक्षरे असतात. १९४५नंतर आद्याक्षर गळाले. परंतु सही मागाहूनही कोरता येते, म्हणून जाणता संग्राहक बूच पाहतो. काचेचे बूच त्याच कुपीच्या गळ्यात घासून बसवलेले असे. पुष्कळदा कुपीच्या तळाशी आणि बुचाच्या दांड्यावर एकच आकडा हाताने कोरलेला आढळतो. दोन्ही आकडे जुळले, की जोडी मूळची असल्याचा भक्कम पुरावा मिळतो. न जुळल्यास बूच बदललेले असण्याचा संशय घ्यावा. आणि मग कुपी कितीही देखणी असली तरी किंमत बरीच उतरते. गळ्याला टवका गेला असेल किंवा आतील काच कायमची धुरकटली असेल, तर तेही खरेदीपूर्वी उजेडात धरून पाहावे.

जुन्या वाड्यांत आजीच्या कपाटात अशी एखादी कुपी अजून पडून असते. बूच घट्ट बसले म्हणून ते जोराने पिळू नये, काच तडकते. गळ्याशी थेंबभर तेल सोडून धीर धरावा. आणि बूच सापडल्यावाचून कुपी भंगारात देऊ नये. हिशेबाच्या वहीत जमा आणि नावे यांचा मेळ बसल्यावरच पान मिटतात. कुपी आणि बूच यांचा मेळही तितक्याच निष्ठेने जपावा. अत्तर उडून गेल्यावर मागे उरते ते एवढेच, आणि तिचे मोलही त्यातच आहे.