परक्यांचीं पत्रें

मला फ्रेंच भाषा येत नाहीं, आणि पॅरिस मीं पाहिलेलें नाहीं. तथापि माझ्या टेबलाच्या खणांत बिस्किटांचा एक जुना डबा आहे, व त्यांत १०० वर्षांपूर्वींचीं ६१ फ्रेंच चित्रकार्डें आहेत. आमच्या शिक्षकमंडळींत ह्या छंदाची बरीच थट्टा होते.

खरें सांगावयाचें तर हीं चित्रें भाबडींच आहेत. रंगविलेल्या पडद्यापुढें एक तरुणी उभी. हातांत पत्र किंवा गुलाब. गाल इतके लाल कीं तिला ताप आला असावा असें वाटावें! छायाचित्र मूळचें काळेंपांढरें. त्यावर स्त्रिया हातानें रंग भरीत. नॅन्सी शहरांतील आल्बेर बेर्जेरे ह्यांचा छापखाना अशा कार्डांकरितां प्रसिद्ध होता. कधीं एकाच जोडप्याचीं पांचसहा कार्डें क्रमानें निघत, खालीं पद्याच्या दोन ओळी. प्रेषकानें तीं एकेक करून धाडावीं.

मला चित्रांहून टपालाचे नियम अधिक मनोरंजक वाटतात. आरंभीं कार्डाच्या मागील बाजूस केवळ पत्ता लिहितां येई. मजकूर चित्राच्या कडेस दाटीवाटीनें बसवावा लागे. १९०३ च्या अखेरीस फ्रेंच टपालखात्यानें ती बाजू दुभागण्यास परवानगी दिली, आणि लोकांस चार ओळी लिहावयास जागा मिळाली. तरीहि मजकूर पांच शब्दांपर्यंत असल्यास हशील निम्मेंच पडे. प्रेम पांच शब्दांत! निबंध लांबविणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनीं ह्याचा विचार करावा.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें, आणि चित्रांतील प्रियकराच्या अंगावर सैनिकाचा वेष चढला. फ्रेंच सैनिकांचीं पत्रें विनामूल्य जाऊं लागलीं. त्याच वर्षीं आपल्या खडकीचे सॅपर्सहि फ्रान्समध्यें लढत होते. ऑक्टोबरांत न्यूव्ह शापेल येथें त्यांच्या दोन कंपन्यांची फार हानि झाली.

अशाच एका युद्धकाळांतील कार्डासाठीं मीं पुण्याच्या जुन्या बाजारांत घासाघीस केली. चित्रांत नेहमींचीच तरुणी. पण मागील मजकूर फ्रेंच जाणणाऱ्या एका स्नेह्यांकडून वाचवून घेतला, तों तो एका आईचा निघाला. तीन आठवडे पत्र नाहीं, लोकरीचे मोजे पोंचले कीं नाहीं, एवढेंच तिनें मुलास विचारलें होतें. स्नेही पुढील कार्डाकडे वळले. मला मात्र माझें वसतिगृह आठवलें.

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. दर आठवड्यास तिचें पोस्टकार्ड येई. अक्षर वांकडें, म्हणून तें मी मित्रांच्या दृष्टीस पडूं देत नसें. उत्तर महिन्यांतून एकदां, तेंहि पैसे संपले म्हणजे. पांच वर्षांतील त्या कार्डांपैकीं एकहि आज मजपाशीं नाहीं. आणि हीं ६१ परक्यांचीं पत्रें मीं दाम मोजून आणिलीं आहेत.

गेल्या नाताळांत गांवीं गेलों तेव्हां डबा सोबत नेला होता. आईनें तें कार्ड चष्म्याजवळ धरून पाहिलें. तिला त्या बाईचा झगा फार आवडला. मीं विचारलें, "आई, तूं मला कार्डांत काय लिहीत होतीस ग?"

"काय लिहिणार बाळा? पाऊस किती झाला, शेळी व्याली, असलेंच कांहीं." मग कार्ड परत देत ती म्हणाली, "तूं ठेवलीं असशील ना? काढ कीं, वाचूं."